सव्वा महिन्यानंतर

मराठी घरात प्रसूतीची वार्ता एका ठरलेल्या वाक्याने येते: बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. पूर्वी हे वाक्य तारेने येई, नंतर पोस्टकार्डाने, आता ते दूरध्वनीवर येते. शब्द मात्र बदललेले नाहीत. या वाक्याचे काम चिंतेला विराम देणे हे आहे, आणि ज्या समाजाने बाळंतपणाला बाईचा दुसरा जन्म मानले त्या समाजाला असा विराम हवासा वाटावा यात नवल नाही. परंतु या वाक्याची दोन वैशिष्ट्ये सहसा लक्षात येत नाहीत. पहिले असे की, बाळंतीण ते स्वतः कधीच उच्चारत नाही. तिच्याविषयी दुसरे कोणी तरी ते उच्चारते. दुसरे असे की, ते प्रसूतीनंतर काही तासांतच उच्चारले जाते. ज्या अवस्थेविषयी ग्वाही द्यायची, ती अवस्था तेव्हा नुकती कोठे सुरू झालेली असते. प्रसूतीला मराठीत ‘सुटका’ असाही शब्द आहे. सुटका झाली म्हणजे संकट संपले, असा या शब्दाचा कल आहे. बाळंतिणीच्या दृष्टीने मात्र त्याच क्षणी एक दीर्घ परतवाट सुरू झालेली असते, आणि त्या वाटेसाठी भाषेपाशी फारसे शब्द नाहीत.

बाळंतीण बरी झाली असे केव्हा म्हणावे, आणि तसे म्हणण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न म्हणूनच केवळ वैद्यकाचा राहत नाही. तो नीतीचाही आहे. आणि प्रसूतीच्या आगेमागे एखाद्या विषाणूची साथ येऊन गेली असेल, तर तो अधिकच तीव्र होतो.

परंपरेने या प्रश्नाचे उत्तर दिनदर्शिकेवर सोडले आहे. घरोघरची मुदत सव्वा महिन्याची. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात दीड महिन्यानंतर स्त्रीचे ‘सूतिका’ हे नाव सुटते असे म्हटले आहे. आणि लगेच दुसरे एक मतही नोंदवले आहे की, रजोदर्शन पुन्हा होईपर्यंत ती सूतिकाच होय. आधुनिक वैद्यकाने मातामृत्यूची व्याख्या करताना प्रसूतीनंतरचे ४२ दिवस धरले आहेत. तीन वेगळ्या परंपरांतील हे आकडे इतके जवळ यावेत हे लक्षणीय आहे. बहुसंख्य शरीरांचा अनुभव त्यांच्यामागे आहे, हे उघड आहे. तथापि सुश्रुताने नोंदवलेला मतभेद विसरता येत नाही. एक पक्ष दिवस मोजतो, दुसरा शरीराकडे पाहतो. तिसरा एक पक्ष संभवतो, पण तो कोणीही मांडलेला दिसत नाही: त्या स्त्रीलाच विचारावे.

विचारले तर काय दिसते, याचा एक पुरावा गडचिरोलीत मिळतो. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात डॉ. अभय बंग, डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील ३९ गावांतल्या ७७२ स्त्रियांची बाळंतपणे घरोघर जाऊन नोंदवली. सूतिकाकाळात सुमारे ४३ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता विकार झालेला आढळला. हे विकार अचानक उद्भवले नव्हते. ते पूर्वीही होतेच. फक्त बाळंतिणीच्या दाराशी जाऊन, पुन:पुन्हा जाऊन, कोणी विचारले नव्हते. घरात ‘सुखरूप’ हा शब्द मात्र तेव्हाही उच्चारला जात असणार.

साथीचा रोग आला की या मौनावर आणखी एक थर चढतो. १९१८ सालच्या इन्फ्लुएंझाला महाराष्ट्रात ‘मानमोडी’ म्हणत. त्या साथीत हिंदुस्थानात किती माणसे गेली याचे अभ्यासकांचे अंदाज सव्वा कोटीपासून पावणेदोन कोटींपर्यंत जातात. जगात इतरत्र पुरुष अधिक दगावले असता येथे स्त्रिया अधिक दगावल्या. आजाऱ्यांची शुश्रूषा त्यांच्याकडे होती, आणि पोटभर अन्न नव्हते, अशी कारणे त्या काळीही सांगितली गेली. गर्भवतींवर या रोगाचा घाला विशेष होता. अमेरिकेत १९१९ साली हॅरिस या वैद्याने अशा १,३५० स्त्रियांची माहिती गोळा केली, तेव्हा त्यांतील सुमारे २७ टक्के मृत्यू पावल्याचे आढळले. मेलेल्यांचा हिशेब असा कोठे कोठे लागतो. ज्या जगल्या त्यांचे पुढे काय झाले, छातीतली धाप किती दिवस राहिली, दूध आटले का, झोप परत आली का, याविषयी कागद बहुधा गप्प आहेत. रोगाच्या इतिहासात मरण ही घटना ठरते. बरे होण्याला तो मान मिळत नाही.

शंभर वर्षांनी २०२० साली कोरोनाची साथ आली तेव्हा मोजणारे हात अधिक होते. मुंबईचे नायर रुग्णालय साथीच्या काळात कोरोनाबाधितांसाठी राखून ठेवले होते आणि तेथे हजाराहून अधिक बाधित स्त्रिया प्रसूत झाल्या. परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने गर्भवती व नवप्रसूत बाधितांची नोंदवही ठेवली. तीतील १,५३० स्त्रियांच्या नोंदींवरून पहिल्या लाटेत अशा स्त्रियांतील मृत्यूचे प्रमाण ०.७ टक्के होते, ते दुसऱ्या लाटेत ५.७ टक्क्यांवर गेले. या दोन आकड्यांच्या मध्ये एक नैतिक प्रश्न उभा आहे. देशात लसीकरण १६ जानेवारी २०२१ रोजी सुरू झाले. स्तनदा मातांना ते त्या वर्षीच्या मे महिन्यात आणि गर्भवतींना २ जुलैला खुले झाले. तोवर दुसरी लाट ओसरत आली होती. लशीच्या सुरुवातीच्या चाचण्यांत गर्भवती घेतलेल्या नव्हत्या, म्हणून तिच्या सुरक्षिततेविषयी पुरेशी माहिती नव्हती. आणि माहिती नव्हती म्हणून लस नव्हती. यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. उलट आई आणि बाळ यांना जपावे हाच हेतू होता. पण जपण्याच्या नावाने एखाद्याला प्रश्नाच्या बाहेर ठेवले की, त्याच्यावर येणारे संकट मात्र बाहेर राहत नाही. जपणूक आणि वगळणूक यांतील अंतर किती थोडे असू शकते, हे त्या काही महिन्यांनी दाखवून दिले.

ही साथ एका घरात शिरली म्हणजे काय होते, हे समजण्यासाठी बंगळूरच्या उत्तरेकडील हेब्बाळ ध्यानात घ्यावे. तळे, त्यालगतचा मोठा उड्डाणपूल, बल्लारी रस्ता आणि त्यापलीकडे वाढलेल्या संगणक-उद्योगांच्या इमारती असा हा परिसर आहे. पुणे, बेळगाव, नागपूर येथून नोकरीसाठी आलेली मराठी कुटुंबे अशा भागांत राहतात. अशा एखाद्या घरातील पहिलटकरीण डोळ्यांसमोर आणावी. पहिले बाळंतपण माहेरी, हा रिवाज. पण २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी आहे, प्रवासी गाड्या बंद आहेत. माहेर सहाशे-आठशे किलोमीटरांवर, आणि आई दूरध्वनीच्या पडद्यावर. प्रसूतीच्या आगेमागे तिला संसर्ग झालेला निघतो. ताप दोन-तीन दिवसांत उतरतो. चाचणी पुढे निर्दोष येते. बाळ-बाळंतीण सुखरूप असल्याचे सर्वांना कळवले जाते. येथपर्यंतचा वृत्तान्त आनंदाचा आहे, आणि तो खोटाही नाही.

पण दोन महिन्यांनी जिना चढताना तिला धाप लागते. केस मूठमूठ गळतात. हातात घेतलेली वस्तू कशासाठी घेतली ते आठवत नाही. बाळ झोपले तरी तिला झोप येत नाही. ती हे सांगते तेव्हा उत्तर तयार असते: बाळंतपणात असे होतेच. उत्तर चुकीचे नाही, आणि अडचण नेमकी तेथेच आहे. तापानंतर केस गळतात, प्रसूतीनंतरही गळतात, आणि दोन्ही वेळा साधारण तितक्याच महिन्यांनी. विषाणूनंतर रेंगाळणारा थकवा, विस्मरण, निद्रानाश आणि नव्या आईची नित्याची दमछाक यांची लक्षणे एकमेकांवर अशी बसतात की, एक दुसरीच्या पदराआड लपते. कोरोनानंतर लांबणाऱ्या अवस्थेची व्याख्या जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली केली, तेव्हा तीत आजारानंतरचे तीन महिने आणि किमान दोन महिने टिकणारी लक्षणे धरली. म्हणजे हेब्बाळच्या त्या घरातील स्त्री सव्वा महिना संपवून रीतीप्रमाणे ‘उठते’, तेव्हा व्याख्येनुसार तिचा दुसरा आजार अजून नाव मिळण्याच्या वयातही आलेला नसतो.

येथे वैद्यकाच्या प्रश्नाचा नीतिप्रश्न होतो. ज्या त्रासाची खूण कोणत्याही तपासणीत उमटत नाही, त्याचा एकमेव साक्षीदार तो सोसणारा माणूस असतो. त्याची साक्ष ग्राह्य धरायची की नाही, हे ऐकणाऱ्याच्या हातात असते. बाळंतिणीच्या बाबतीत ती साक्ष सहज बाजूला पडते, आणि तीही बहुतेक वेळा प्रेमाने. ‘बाळाकडे बघ, सगळे विसरशील’ असे म्हणणारी मावशी निष्ठुर नसते. तिने स्वतःचे दुखणे याच रीतीने विसरलेले असते, निदान विसरले असे मानलेले असते. पण एका पिढीचे सोसणे हे दुसऱ्या पिढीच्या सोसण्याचे प्रमाण ठरू लागले की, सहानुभूतीच आवाज बंद करण्याचे साधन होते.

शरीराच्या थकव्याखाली आणखी एक गोष्ट दडलेली असते. साथीच्या पहिल्या महिन्यांत काही देशांत आणि काही रुग्णालयांत नवजात बाळाला बाधित आईपासून दूर ठेवले जाई. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट केले की, मुखपट्टी आणि हातांची स्वच्छता पाळून आईने बाळाला जवळ ठेवावे, अंगावर पाजावे. दूर ठेवण्याने होणारी हानी अधिक आहे. नियम बदलला, पण ज्या आयांचे पहिले दिवस काचेपलीकडे गेले त्यांच्या मनातला प्रश्न त्यामुळे मिटला नाही. माझ्यामुळे बाळाला काही झाले असते तर? आणि ज्या थोड्यांच्या बाळांना खरोखरच संसर्ग झाला, त्यांच्यापुढे ‘तर’ हा शब्दही उरला नव्हता.

कारण आणि दोष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तर्काने सांगता येते. आई संसर्गाचे कारण असू शकते, दोषी असू शकत नाही. विषाणू तिने निवडलेला नव्हता. पण एवढे सांगून मन शांत होत नाही. इंग्लंडमधील तत्त्वज्ञ बर्नार्ड विल्यम्स यांनी १९७६ साली या अनुभवाचा विचार केला. ज्याच्या मालमोटारीखाली, त्याची काहीच चूक नसताना, एखादे मूल सापडले, त्या चालकाला जे वाटते ते रस्त्यावरच्या बघ्याला वाटणाऱ्या दुःखाहून वेगळे असते, हे त्यांनी दाखवले. आपल्या हातून घडले, या जाणिवेला निर्दोषत्वाचा दाखला पुसू शकत नाही. विल्यम्स यांचे महत्त्वाचे निरीक्षण असे की, चालकाला ही जाणीव मुळीच झाली नाही, तर तोच माणूस आपल्याला विचित्र वाटेल. हे आईला लागू केले तर एक गोष्ट ध्यानात येते. तिची टोचणी हा मूर्खपणा नव्हे, आणि केवळ रोगही नव्हे. ती तिच्या नात्याचीच खूण आहे. म्हणून ‘तुझा काही दोष नाही’ हे वाक्य खरे असूनही अपुरे पडते. ते तिला निर्दोष ठरवते, पण तिच्याजवळ बसत नाही.

अर्थात या टोचणीतून रोग उद्भवू शकतो, आणि तेव्हा जवळ बसणेही पुरत नाही. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या, २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांना नैराश्याचा विकार असल्याचे आढळले. सहा महिन्यांनीही त्यांतील निम्म्याहून अधिक आजारीच होत्या. दारिद्र्य, पतीकडून होणारी मारहाण, मुलगा हवा असता झालेली मुलगी, ही त्यामागची कारणे होती. साथीपूर्वीचा हा हिशेब आहे. म्हणजे विषाणू रिकाम्या घरात शिरला नव्हता. तेथे आधीपासूनच एक दुखणे मुक्कामाला होते, आणि तेही सव्वा महिन्याची मुदत न पाळणारे.

हेब्बाळमध्येच २०१८ साली एक जुना वीरगळ नव्याने उजेडात आला. गंग राजा श्रीपुरुष याच्या काळातला, इ. स. ७५० च्या सुमाराचा हा दगड कित्तय्या नावाच्या वीराचा आहे. परचक्राशी लढताना तो पडला, असे त्यावरचा कन्नड लेख सांगतो. महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही प्रदेशांत असे दगड गावोगावी आहेत. समाज कोणाला आठवणीत ठेवू इच्छितो, हे त्यांवरून कळते. लढून मेलेल्याला दगड मिळाला. पतीमागे जळालेल्या स्त्रीला, बांगड्या भरलेल्या हाताचा दगड मिळाला. बाळंतपणात मेलेल्या स्त्रीला दगड मिळाला नाही. लोकसमजुतीने तिची हडळ केली, अलवंतीण केली, म्हणजे तिच्या मरणाचे दुःख न राखता भय राखले. आणि जी मेली नाही, जी जखमी होऊन परतली आणि हळूहळू उभी राहिली, तिच्यासाठी दगडही नाही, भूतही नाही. जखमी होऊन परतलेल्या सैनिकालाही वीरगळ नसतो, असे म्हणता येईल. ते खरे आहे, आणि मुद्दा तोच आहे. आपल्या गौरवाच्या सर्व कल्पना एका क्षणाभोवती उभ्या आहेत; मरणाच्या किंवा जन्म देण्याच्या. बरे होण्याला क्षण नसतो. ते दिवसादिवसांनी होते, मागेपुढे होते, कधी अर्धेच होते. म्हणून त्याचा गौरव होत नाही, आणि ज्याचा गौरव नाही त्याला वेळही दिला जात नाही.

बाळंतिणीची खोली ही आपल्या परंपरेने दिलेली वेळ होती, असे कोणी म्हणेल. त्या म्हणण्यात तथ्य आहे. तेलाचा हात, शेकशेगडी, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, न्हाऊ घालणारी बाई, हा सगळा संसार एकाच स्त्रीच्या शरीराभोवती महिनाभर फिरत असे. परंतु त्या खोलीचे गोडवे गाताना तिच्यातला धूर, अंधार, सोयराचा विटाळ आणि मुलगी झाली तर आखडणारा हात यांकडे डोळेझाक करता येत नाही. जुन्या खोलीतही बाळंतीण वेगळीच ठेवली जाई. फरक एवढाच की, त्या वेगळेपणात बाळ तिच्या कुशीत असे आणि रोज कोणाचा तरी हात तिच्या पाठीवरून फिरे. साथीने वेगळेपण तेवढे ठेवले आणि हात काढून घेतला. शिकायचे ते यातून शिकता येते: मुदत परंपरेची नको, विटाळ तर नकोच, पण कोणी तरी रोज येऊन स्पर्श करते, पाहते, विचारते, ही रचना हवी.

अशी रचना नव्या काळातही उभी राहू शकते. बंगळूरच्याच निम्हान्स या संस्थेत २००९ साली माता-बाल कक्ष सुरू झाला. प्रसूतीनंतर मानसिक आजार झालेल्या स्त्रीला तेथे बाळासह दाखल केले जाते; उपचारासाठी तिला आईपण बाहेर ठेवून यावे लागत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने हेच तत्त्व देशासाठी मान्य केले: उपचार घेणाऱ्या स्त्रीचे तीन वर्षांखालील मूल सामान्यतः तिच्यापासून तोडू नये; आणि तोडावेच लागले तर त्या निर्णयाचा दर १५ दिवसांनी फेरविचार व्हावा. या तरतुदीतला विचार साथीच्या काळातल्या काचेहून नेमका उलटा आहे. ताटातूट हा नियम नव्हे, अपवाद आहे. आणि अपवादालाही वारंवार स्वतःचे समर्थन करावे लागेल.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे. इतका वेळ कोणाला परवडतो? २०१७ च्या दुरुस्तीनंतर मातृत्व लाभ कायद्याने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा दिली, पण ती नोकरीची कागदपत्रे असणारीला. हेब्बाळच्या त्या इमारतीतल्या संगणक-अभियंत्या स्त्रीला ती मिळते. तिच्या घरी भांडी घासणारीला, आणि इमारतीवर विटा वाहणारीला, ती व्यवहारात मिळत नाही. केंद्राच्या मातृवंदना योजनेतून पहिल्या अपत्यासाठी मिळणारे ५,००० रुपये किती दिवस पुरतात, याचा हिशेब कठीण नाही. विषाणू दोघींना एकच होता. बरे होण्याची सवड एक नव्हती. या आक्षेपाने विश्रांती चैनीची ठरत नाही. उलट, जी गोष्ट शरीराला आवश्यक आहे ती काहींनाच मिळते, एवढेच त्याने सिद्ध होते. आणि जे आवश्यक आहे ते उपकार म्हणून देता येत नाही. नव्या माणसाला जगात आणण्याचे काम समाज एका शरीराकडून करून घेतो. त्या शरीराला सावरायला लागणारा वेळ हे समाजावरचे ऋण आहे. ऋण फेडताना धनको किती सोशीक आहे, हे पाहायचे नसते.

हे ऋण फेडण्याची सुरुवात फार मोठ्या गोष्टींनी होत नाही. नवजात बाळासाठी आशा कार्यकर्ती ४२ व्या दिवसापर्यंत ठरलेल्या दिवशी घरी येते; बाळाचे वजन, बाळाचा ताप, बाळाचा श्वास पाहते. त्याच उंबरठ्यावर आईलाही तेवढ्याच गांभीर्याने विचारता येते, आणि ४२ व्या दिवशी विचारणे थांबवण्याचे कारण नाही. नव्या मातांच्या नैराश्याचा अंदाज घेण्यासाठी एडिंबरा येथे तयार झालेली, १९८७ साली प्रसिद्ध झालेली प्रश्नावली जगभर वापरली जाते. तीत प्रश्न अवघे १० आहेत, आणि ते गेल्या ७ दिवसांविषयी विचारतात. कायमचे बरे वाटते का, असे ती विचारत नाही. तिच्यात एक शहाणपण आहे: बरे असणे ही सात-सात दिवसांनी पुन्हा विचारण्याची गोष्ट आहे.

‘सुखरूप’ हा शब्द टाकून देण्याचे कारण नाही. पिढ्यान्‌पिढ्यांची काळजी त्यात साठलेली आहे. मात्र तो निकाल म्हणून न उच्चारता प्रश्न म्हणून उच्चारावा, आणि बाळंतिणीलाच विचारावा. सव्वा महिन्याने विचारावा, सहा महिन्यांनी विचारावा, वर्षानेही विचारावा. उत्तर ‘नाही’ असे आले, तर त्यावर बाळाचा चेहरा न ठेवता ते ऐकून घ्यावे, आणि त्या दिवशी तिच्या वाट्याचे जे काम असेल ते दुसऱ्या कोणी उचलावे.